खिशाचा फर्मा आणि मधली रेघ

मणीअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी माढ्याच्या आमच्या शाळेत, आठवीच्या घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. मधली सुट्टी होती. फोनवर कमल होती. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात अक्काच्या हाताखाली शिकलेली, अजूनही तिथेच काम करणारी. "ताई, अक्का गेली. सकाळी चहा घेतला, कपबशी विसळून ठिवली आन् खुर्चीत बसली ती बसलीच…" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर फोन कुणीच ठेवेना. शेवटी सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी पेपर तसेच उघडे टाकून उठले आणि मिळेल त्या एसटीने सोलापूर गाठलं. राहिलेले पेपर पुढच्या आठवड्यात तपासले. परिमितीच्या प्रश्नात काही मुलांनी नेमकी तीच चूक केली होती, जी मी पंधराव्या वर्षी केली होती. त्यांचे दोन-दोन गुण गेले. माझ्या चुकीपायी काय गेलं आणि कुणाचं गेलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. अक्का जाऊन आता पाच आठवडे झाले. आता सांगते.

नागमणी हे तिचं नाव. सगळे मणी म्हणत आणि आम्ही चाळीतली मुलं मणीअक्का. शहराच्या पूर्व भागात आमच्या दोघींच्या घरांची दारं समोरासमोर होती. आम्ही माढा तालुक्यातले, वडील ट्रक चालवायला सोलापुरात आलेले. ती तेलुगू घरातली, माहेर-सासर दोन्ही मागावर कापड विणणारं. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि कारखान्यातल्या मास्तरांशी दखनी, अशा तीन भाषा ती एकाच वाक्यात बिनदिक्कत वापरायची. मला ती 'पिल्ला' म्हणायची. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी. उंच, काटक, गळ्यात कायम मेजरटेप. टेप काढून ठेवल्यावरसुद्धा, अगदी लग्नाच्या मांडवातही, तिचा हात अधूनमधून गळ्याशी जायचा. आणि तिची एक सवय होती, तशी मी दुसऱ्या कुणातही पाहिली नाही. समोर येईल त्या वस्तूच्या कडेवरून ती बोट फिरवायची. चहा संपला की बशीच्या कडेवरून, जेवताना ताटाच्या कडेवरून, माझ्याशी बोलता बोलता माझ्या फ्रॉकच्या घेरावरून. लहानपणी मला वाटायचं, ती धूळ बघते. धूळ नाही, ती कड बघत असायची. शिवणकामात सगळा खेळ कडेचाच असतो, हे मला कळायला बराच वेळ लागला.

तर कारखाना. पत्र्याचा लांबलचक हॉल, एका बाजूला तीस-बत्तीस मशीन, त्यावर सगळ्या बायका. दुसऱ्या बाजूला कटिंगचं टेबल, आणि त्यावर पुरुष. असा काही नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण होतं तसं. टेबलावर रशीद मास्तर होते, पांढऱ्या दाढीचे, मोजकं बोलणारे. कापडाचे तीस-चाळीस थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची. कात्री चुकली की तीस-चाळीस नग एकदम वाया. म्हणून टेबलावरच्या माणसाला मान होता. अक्का चौदा वर्षं मशीनवर होती, पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन टेबलाशी उभी राहायची आणि मास्तरांचे हात बघायची. मास्तरांनी तिला हळूहळू हाताशी घेतलं. आधी फर्मे कापायला दिले, मग पायपिंगच्या पट्ट्या. पायपिंग म्हणजे कॉलरला, खिशाला कडेने जी वेगळ्या रंगाची बारीक किनार असते ना, ती. त्यासाठी कापड तिरपं कापावं लागतं, म्हणजे गोलाईवर ते नीट वळतं. अक्काच्या पट्ट्या गोलाईवर कधी चुण्या धरत नसत. तिला टेबल हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. दागिना नको, नवी साडी नको, नवऱ्याने काही आणावं अशी अपेक्षा नाही. "मला त्या टेबलाशी हुभं ऱ्हायचंय गं," असं ती भाकरी थापता थापता माझ्या आईला सांगायची. आई म्हणायची, "बाईमाणसाला देत्यात व्हय?" त्यावर अक्का म्हणायची, "कात्रीला काय म्हाईत, बाई हाय का बुवा हाय."

मी नववीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात संधी आली. रशीद मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, पंधरा-वीस दिवस ते येणार नव्हते, आणि नेमकी तेव्हाच एका शाळेची मोठी ऑर्डर आली. लहान मुलींचे निळे फ्रॉक, मरून कॉलर, मरून पट्टा, पुढे दोन खिसे आणि प्रत्येक खिशाला चारी बाजूंनी मरून पायपिंग. मास्तर मालकांना सांगून गेले, मणीला करू द्या. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं कागदावर लागायचं. ते म्हणाले, "टेबलावर यायचं तर नुसता हात चालून भागत नाही. एका खिशाला पट्टी किती, हिशेब मला लिहून दे. जमलं तर टेबल तुझं." अक्का सातवी शिकलेली, तीही तेलुगू शाळेत. तिने तोवर कधी असला हिशेब लिहिला नव्हता. मास्तरही लिहीत नसत. ते फर्म्याच्या कडेने दोरा फिरवायचे आणि दोरा टेपला लावायचे, झालं. पण मालकांना कागद हवा होता आणि चाळीत कागदाचं काम म्हटलं की माझ्याकडे यायचं. मी शाळेत गणितात पहिली होते. ते मला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाला माहीत नसेल तर मी ते कळवायची व्यवस्था करत असे.

दुपारी अक्का फर्मा घेऊन आली. खिशाचा आकार अगदी साधा. वर आयत, चौदा सेंटिमीटर रुंद आणि सात उंच. खाली त्याला जोडून अर्धवर्तुळ, म्हणजे खिशाचा तळ गोल. मी वहीचं पान घेतलं. वरच्या कोपऱ्यात चौकट करून लाल शाईत नाव लिहिलं: सारिका, इयत्ता नववी, तुकडी अ. सुट्टीतसुद्धा. मग पट्टीने आकृती काढली, आयत आणि अर्धवर्तुळ यांच्यामध्ये छान सरळ रेघ ओढली, आणि सूत्रं लावली. आयताची परिमिती बेचाळीस. अर्धवर्तुळाची परिमिती, बावीस अधिक व्यास चौदा, छत्तीस. बेचाळीस आणि छत्तीस अठ्ठ्याहत्तर. खाली दोन रेघा मारून लिहिलं, एका खिशाला पट्टी ७८ सेंमी. ज्या वाचकांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली असतील, त्यांनी क्षणभर तो खिसा डोळ्यांपुढे आणावा. पायपिंग फक्त बाहेरच्या कडेला लागतं. आयत आणि अर्धवर्तुळ जिथे जोडले आहेत, ती मधली रेघ खिशाच्या पोटात असते. तिथे कडच नाही, मग किनार कुठून येणार? मी ती रेघ धरली होती, आणि एकदा नाही, दोनदा: एकदा आयताची चौथी बाजू म्हणून आणि एकदा अर्धवर्तुळाचा व्यास म्हणून. सूत्रं दोन्ही बरोबर, गुणाकार-बेरीज बरोबर, आणि उत्तर अठ्ठावीस सेंटिमीटरने चूक. खरं उत्तर पन्नास.

अक्काने आकडा ऐकला आणि तिचं बोट फर्म्याच्या कडेवरून एक फेरी मारून आलं. "येवढं लागतंय व्हय पिल्ला? मला तर कमी लागंल वाटतंय की." तिने कमरेच्या पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. "दोरा फिरवून बगू का येकदा?" आणि मी, पंधरा वर्षांची, चटईवर मांडी घालून बसलेली, तिला म्हणाले, "अक्का, दोऱ्याला ताण बसतो, कमीजास्त होतो. गणिताला ताण बसत नाही." हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं होतं की मी ते दुसऱ्या दिवशी मैत्रिणीलाही ऐकवलं. अक्का हसली. माझ्याकडे तिने ज्या कौतुकाने बघितलं, ते मला आजही आठवतं आणि आजही कानशिलं तापतात. तिने रीळ परत पिशवीत टाकलं. चौदा वर्षांचा हात एका वहीच्या पानापुढे गप्प बसला, कारण ते पान शिकलेल्या पोरीचं होतं.

पट्ट्या कापल्या गेल्या. जोडासाठी बोटभर जास्तीची धरून, एकेक पट्टी अठ्ठ्याहत्तरची, गठ्ठेच्या गठ्ठे. मरून कापड मालकांनी नेहमीच्या अंदाजाने आधीच आणून ठेवलेलं होतं, मोजकंच. पट्ट्यांना इतकं गेल्यावर कॉलर आणि पट्टे यांना मरून कापड पुरेना, हे सगळं कापून झाल्यावर उघड झालं. आणि दुसऱ्याच दिवशी मशीनवर पहिल्या खिशाला पायपिंग बसलं, तेव्हा खिसा पूर्ण फिरून झाला तरी पट्टीचं शेपूट लोंबत राहिलं. वीतभर आणि वर चार बोटं. दुसऱ्या खिशाला तेवढंच. तिसऱ्याला तेवढंच. ती शेपटं बोटभर रुंदीची, त्यातून कॉलर निघत नाही, पट्टा निघत नाही, आणि दोन शेपटं जोडून खिशाला लावावीत तर समोर जोड दिसतो, तो कुठलीही शाळा घेत नाही. मालकांनी नवी पेठेतली कापडाची दुकानं पालथी घातली. मरून मिळाला, पण शेजारी ठेवला की एक विटकरी दिसायचा आणि एक वांग्यासारखा. जून तोंडावर आलेला. शेवटी निम्म्या फ्रॉकांना निळ्याच कापडाचे पट्टे लावून, शाळेच्या हातापाया पडून माल दिला गेला. पुढच्या वर्षी ती शाळा दुसरीकडे गेली.

हे सगळं मला आईकडून कळलं. आई त्याच कारखान्याचं काजं-बटणांचं काम घरी आणायची आणि त्या दिवशी तयार माल द्यायला गेली होती. घरी आली ती पाणीही न पिता बसली. "लई बोलले गं मालक अक्काला. समद्या बायांच्या म्होरं. कागद दाव म्हनले, कुनी काडला ह्यो हिशोब म्हनले. तिनं पिशवीतनं कागद काडून दावला. म्हनली, मीच काडला, माजंच माप चुकलं." मी उठून आत गेले. वहीत नवीन पानावर तीच आकृती काढली आणि दोन मिनिटांत मला ती रेघ दिसली. दोन मिनिटं! एवढाच वेळ लागत होता. मी अंगठ्याने ती रेघ झाकली आणि कडेकडेने बेरीज केली, सात, बावीस, सात, चौदा… पन्नास. 

संध्याकाळी अक्का नेहमीसारखी आमच्या दारात आली. हातात नेहमीसारखी वाटी, विरजणासाठी. चेहरा धुतलेला, कुंकू नव्याने लावलेलं. मी दाराशीच उभी होते. आता सांगायचं, असं ठरवून उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माझं टेपच चुकलं बग पिल्ला. फर्मा मोजताना घसरलं." मग म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हणाले, "हो." बस्स, एवढंच. आईचं काम जाईल अशी भीती होती, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. खरं कारण असं की चाळीत मला हुशार म्हणत आणि मला ते सोडवत नव्हतं. तिला वाटतंय ना टेप चुकलं, मग वाटू दे, असा विचार मी केला. हे लिहिताना मी त्या मुलीला माफ वगैरे करत नाही. ती मीच आहे आणि तिने केलं ते हलकं होतं.

टेबल गेलं. अक्का पुन्हा मशीनवर बसली. रशीद मास्तर डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला एवढंच म्हणाले, "तेरा हात सही हय मणी. कागद कू कायकू पूछी?" ती मशीनवर जाऊन बसली. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन टेबलाशी उभं राहणं तिने सोडलं नाही. बायका हसायच्या, ती त्यांच्यात हसायची आणि उभी राहायची. असं चार वर्षं. मग मास्तरांचा दुसरा डोळाही अंधुक झाला आणि त्यांनी एक दिवस सगळ्यांसमोर कात्री तिच्या हातात देऊन मालकांना सांगितलं, "मेरे आंखा अब नई चलते. टेबल मणीकूच देव. नई तो मैं उद्यासे येत नई." मालकांनी दिलं. त्यांना दुसरा मार्गही नव्हता. त्यानंतर पंधरा वर्षं त्या टेबलावर मणीअक्का उभी होती, आणि तिच्या कापण्यातला एक नगही वाया गेला नाही असं कारखान्यातल्या बायका सांगतात. मी त्यातलं थोडं त्यांच्या मायेच्या खात्यात टाकते, पण फार थोडं. तिने सहा बायकांना कटिंग शिकवलं. आज त्या टेबलावर पुरुष एकच आहे आणि तो कमलच्या हाताखाली आहे.

तिची शिकवायची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. मी बी.एड. करून माढ्याला नोकरीला लागले, आणि आठवीला परिमिती शिकवताना दरवर्षी तेच व्हायचं. सरळ रेघा आणि अर्धवर्तुळं जोडून केलेला आकार दिला की मुलं दोन्हींच्या परिमिती काढून बेरीज करून मोकळी. मी फळ्यावर मधली रेघ पुसून दाखवायचे, ठिपक्या-ठिपक्यांची काढून दाखवायचे. मुलं माना डोलवायची आणि पेपरात पुन्हा तेच. एकदा सोलापुरात गेले असताना अक्काजवळ हे बोलून गेले. बोलताना जीभ जरा चाचरली, पण ती पट्ट्या गुंडाळत होती, तिचं लक्ष नसावं असं मला वाटलं. पुढच्याच शनिवारी ती एसटीने माढ्याला हजर. पिशवीत पुठ्ठ्याचे चाळीसएक आकार, रात्रंदिवस बसून नव्हे तर टेबलावरच्या कामातून वेळ काढून कापलेले. आयताला एका बाजूने अर्धवर्तुळ, दोन्ही बाजूंनी अर्धवर्तुळ, त्रिकोणाला एका बाजूने अर्धवर्तुळ. प्रत्येकावर पेनने मधली रेघ मात्र काढलेली. तिने प्रत्येक मुलाच्या हातात एकेक दिला. "डोळे मिटा. बोट कडंला लावा आन् फिरवा. जितनं निगालं तितं परत आलं की थांबा. आता सांगा, मधली रेघ बोटाला लागली का?" वर्ग एका सुरात नाही म्हणाला. "मग धरायची न्हाय." झाला तिचा धडा. एक मुलगी, पहिल्या बाकावरची, वहीत आधीच उत्तर काढून बसलेली, रडवेली झाली. तिने मधली रेघ दोनदा धरली होती. अक्का तिच्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हुशार पोरींचंच चुकतंय हे. दोन आकार वेगळे वेगळे बगतात, म्हणून. तू काय मनाला लावून घेऊ नको." मी फळ्याशी उभी होते. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी वाट बघत राहिले, पण तिने शेवटपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी एसटी स्टँडवर तिला सोडायला गेले तेव्हा सांगता आलं असतं. गाडी अर्धा तास उशिरा होती. आम्ही शेंगा खाल्ल्या.

शेवटचं भेटणं गेल्या दिवाळीनंतरचं. टेबल तिने कमलकडे दिलं होतं, पण रोज दुपारी कारखान्यात जाऊन खुर्ची टाकून बसायची. मी गेले तेव्हा ती बशीतून चहा पीत होती. चष्म्याच्या काचा जाड झालेल्या, हात तसाच स्थिर. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग तिने बशी खाली ठेवली, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काय गं, तुझ्या पोरींना मधली रेघ समजली का आता?" मी म्हणाले, समजली, तुझ्या पुठ्ठ्यांनी पुष्कळ काम केलं. "आन् तुला?" ती हसत म्हणाली. मीही हसले. मला वाटलं, चेष्टा करते आहे. गणिताच्या बाईंची अशी चेष्टा ती नेहमीच करायची…

दिवसकार्य झाल्यावर मी कारखान्यात गेले. तिचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने कात्री आणि टेप मास्तरांच्या नातीला दिलं होतं, तीही आता तिथेच शिकते. तिचे फर्मे मात्र होते तिथेच होते, टेबलामागच्या भिंतीवर, खिळ्याला, सुतळीत ओवलेले. कमल म्हणाली, बघा ताई, काय पाहिजे ते घ्या. मी सुतळी हातात घेतली. कॉलरी, बाह्या, कंबरपट्टे… आणि सगळ्यात वर, सगळ्यात जुना, कडा काळवंडलेला, खिशाचा फर्मा. वर आयत, खाली अर्धवर्तुळ. मी तो उलटा केला. मागे खळीने चिकटवलेला वहीचा कागद होता. पिवळा पडलेला, पण अक्षर स्वच्छ, गोल, टपोरं. माझं. बेचाळीस, छत्तीस, खाली दोन रेघा आणि अठ्ठ्याहत्तर. आकृतीतल्या मधल्या रेघेवर निळ्या पेन्सिलीची ठळक फुली, कारखान्यात कापडावर खुणा करतात त्या पेन्सिलीची, आणि बाजूला तिच्या वेड्यावाकड्या आकड्यांत पन्नास.

"नवी पोरगी आली की अक्का पयला ह्योच फर्मा हातात द्यायची," कमल म्हणाली. "म्हनायची, हे माजं चुकलेलं माप हाय. आदी हे बग, मग कात्री धर. म्या येकदा इचारलं, अक्का, तुला तर सही करायला येळ लागतोय, आन् हे अक्षर लई चांगलं हाय की. तर म्हनली, कागद कुनाचा का असंना, कात्री माझी हुती."

मी कागदाचा वरचा भाग बघितला. तिथे लाल चौकट असायला हवी होती. नव्हती. कागदाचा वरचा दोन बोटांचा पट्टा कापून टाकलेला होता, एका घावात, अगदी सरळ, जशी तीच कापू शकायची. मालकांनी त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर कागद मागितला, तेव्हा तिने पिशवीतून काढून दाखवला तो हाच कागद. त्यावर माझं नाव असतं तर तिला 'मीच काडला' म्हणता आलं नसतं. मालकांपुढे जायच्या आधीच तिने माझं नाव कापलं होतं. म्हणजे टेप घसरलेलं नव्हतं हे तिला तेव्हाच माहीत होतं. संध्याकाळी विरजणाची वाटी घेऊन आली तेव्हा माहीत होतं, माढ्याच्या वर्गात माहीत होतं, बशीच्या कडेवरून बोट फिरवताना माहीत होतं. मी इतकी वर्षं आम्हा दोघींच्या मध्ये एक रेघ धरून बसले होते, आणि ती रेघ तिच्या बाजूला नव्हतीच. मला तिथे रडू आलं, आणि मशीन चालू असल्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं.

कमल विचारत होती, ताई, न्यायचाय का हा फर्मा? मी नाही म्हणाले. तो तिथेच हवा, नव्या मुलींच्या हातात. पण पर्समध्ये पेपर तपासायचं लाल पेन होतं, ते मी काढलं. कागद जिथे कापलेला होता त्याच्या वरच्या उघड्या पुठ्ठ्यावर, पूर्वी लिहायचे तशी चौकट करून नाव लिहिलं: सारिका, इयत्ता नववी, तुकडी अ. कमलने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तिने फर्मा माझ्या हातातून घेतला, कडेवरून बोटाची एक फेरी मारली आणि खिळ्याला अडकवला.